रेडिओची पाठ

खिल्लारे गुरुजींनी माझ्याकडे पाहण्याआधी माझ्या ट्रंकेकडे पाहिलं. सत्तर सालचा जून होता, माझी पहिलीच नोकरी, आणि वसमतहून निघाल्यापासून मी जी रडत होते ती पुसेगावच्या अलीकडच्या एका फाट्यावर बस थांबेपर्यंत. गावाचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं अजून आहेत आणि त्यांना राग लवकर येतो. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला एक तालुका होता. फाट्यापासून गाव बरंच आत, म्हणून नव्या बाईंना न्यायला शाळेचे हेडमास्तर स्वतः बैलगाडी घेऊन आले होते. उंच, वाळके, पांढरा पायजमा, लांब सदरा, खिशात पेन आणि पेनाला खेटून एक पेचकस.

“नमस्कार बाई,” एवढं म्हणून ते लगेच उकिडवे बसले, ट्रंक फिरवून तिची पाठ स्वतःकडे केली आणि बोटाच्या पेरानं टकटक करून कान लावला.

“कुलूप भारी घेतलं, बिजागरी हलकी,” ते म्हणाले. “चोर काहून कुलपापाशी जाईल? मागून पत्रा उचकटंल अन् लुगडी घेऊन जाईल. कोपरे मात्र गोल करून दिलेत, हे बराबर केलं. पायाला लागत न्हाईत. दिसण्याला दहातले आठ. वागण्याला चार.”

वीस वर्षांची मुलगी, डोळे सुजलेले, परकं गाव, आणि पहिला भेटलेला माणूस आपली ट्रंक नापास करतो! मी रस्ताभर त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते कळलंसुद्धा नाही, कारण ते गाडीवानाला बैलांच्या झुलीबद्दल काहीतरी समजावत होते. संध्याकाळी मात्र ते माझ्या खोलीवर आले, पेचकस काढला, ट्रंकेच्या जुन्या बिजागऱ्या उतरवून चांगल्या जाड बिजागऱ्या बसवल्या आणि चहा न घेता गेले. ती ट्रंक अजून माझ्याकडे आहे. तिच्यात आता नातवंडांचे स्वेटर असतात.

पुढे कळलं की हे मार्क देणं सगळ्यांसाठीच होतं. गुरुजींच्या जगात प्रत्येक वस्तूला दोन विषय होते, दिसणं आणि वागणं. जेवणाचा डबा, कंदील, एस.टी.चं दार, कोणाच्या लग्नात आलेलं कपाट, सगळ्यांचे पेपर ते तपासायचे आणि तपासायची सुरुवात पाठीपासून. हिंगोलीच्या बाजारात दुकानदारानं एखादं घड्याळ कौतुकानं पुढे केलं की गुरुजी म्हणायचे, “तोंड ऱ्हाऊ द्या. पाठ दाखवा.” दुकानदार त्यांना लांबून येताना पाहिलं की आतल्या खोलीत जात.

त्यांच्या बायकोनं, कलावतीवैनींनी, मला एकदा चुलीपुढे बसून सांगितलं होतं. “मला पाहाया आले, बाई. मी पोह्याचं ताट घेऊन भायेर आले, तं हे जाग्यावर न्हाईत. माह्या बापाला वाटलं, पोरगं पळालं. तं हे घराच्या मागं जाऊन परसदाराची कडी लावून पाहून राहिले. मंग म्हन्ले, ज्या घराचं मागचं दार धड लागतं त्या घरची पोरगी धड असंन.” वैनी हे सांगताना पदर तोंडाला लावून हसायच्या. “माह्या तोंडाकडं तं लगीन झाल्यावर पाह्यलं.”

गुरुजी स्वतः असल्या गोष्टींवर कधी हसायचे नाहीत. ते हसायचे ते फक्त एखादं झाकण अलगद आणि बिनआवाजाचं बसलं की. तेव्हा त्यांचा चेहरा लहान मुलासारखा व्हायचा.

त्यांचंही चुकायचं. पुस्तकांना वाळवी लागते ती हवा कोंडल्यामुळे, असं ठरवून त्यांनी शाळेच्या कपाटाच्या मागच्या फळीला भोकं पाडून घेतली. वाळवी थांबली, पण चिमण्यांनी त्या भोकांतून आत जाऊन भूगोलाच्या पुस्तकांवर घरटं बांधलं. पिल्लं उडून जाईपर्यंत गुरुजींनी कपाट उघडू दिलं नाही. चौथीच्या पोरांना त्या महिन्यात भूगोलाऐवजी इतिहास दोनदा शिकवावा लागला आणि तपासणीला आलेल्या साहेबांनी नद्या विचारल्यावर वर्गानं किल्ले सांगितले. “हवा ठेवली का पाहुणे येनारच,” गुरुजी म्हणाले आणि स्वतःच्या कपाटाला वागण्यात पाच मार्क दिले. मला वाटतं, ते जरा जास्तच होते.

गुरुजींचं घर वेशीबाहेर, बौद्ध वस्तीत. वेस म्हणजे दगडी कमान, तिच्यापुढे एक ओटा, आणि ओट्यापासून थोडं चालून गेलं की वस्ती लागायची. वेशीच्या आत गाव. गुरुजी रोज सकाळी वेशीतून आत यायचे, गावच्या लेकरांना शिकवायचे आणि संध्याकाळी वेशीतून बाहेर जायचे. त्या येण्याजाण्याबद्दल ते बोलत नसत. आमच्या शाळेत पाण्याचा रांजण होता, त्याला खाली पितळी तोटी होती. मी आधी असा रांजण कुठे पाहिला नव्हता. नंतर कळलं की पूर्वी तिथं पाणी काढायला लांब दांड्याचं ओगराळं असायचं, आणि ते कोणाच्या हातात द्यायचं हे ठरलेलं असायचं. वस्तीतली लेकरं ओंजळ धरून, वरून पाणी घालणारं कोणी येईपर्यंत उभी राहायची. गुरुजी हेडमास्तर झाल्यावर त्यांनी पहिलं काम हे केलं की रांजणाला तोटी बसवून घेतली आणि ओगराळं कपाटात टाकलं. गावातले दोघंतिघं विचारायला आले. गुरुजी म्हणाले, “ओगराळं हरवून राहिलं होतं. लेकरं तोटी तं हरवणार न्हाईत.” यावर काय भांडायचं ते कोणाला सुचेना, आणि ते घरी गेले.

मी एकदा त्यांना म्हटलं, “गुरुजी, तुम्ही सरळ सांगत का नाही लोकांना?”

“माणसाला बदल म्हनलं का ते भांडाया उठतं, बाई,” ते म्हणाले. “वस्तू बदलून ठेवावी. दोन दिवस बिचकतं, मंग वापराया लागतं.”

मला ते तेव्हा पटलं नाही. मी तरुण होते आणि मला वाटायचं, बोललं पाहिजे. आजही मला अर्धंच पटतं.

मग गावाला रेडिओ मिळाला. एकाहत्तरचा पावसाळा संपत आला होता. सरकारी योजनेतला मोठा सेट, आत जाड कोरडी बॅटरी, सगळ्या गावानं बसून ऐकायचा. फाट्यावर बसच्या टपावरून खोका उतरवताना हमालाच्या हातून सुटला आणि रेडिओची लाकडी पेटी उभी चिरली. सरपंच विश्वनाथराव पाटील कपाळाला हात लावून खाली बसले. कोणीतरी तिथंच धुळीत बॅटरी जोडून पाहिली, तर आतला माणूस बोलायला लागला. भाषा कानडी होती की तेलुगू, एकालाही कळली नाही, पण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. यंत्र धड होतं, फक्त घर मोडलं होतं.

नेमके त्या दिवसांत गुरुजी शिबिरासाठी हिंगोलीला गेले होते. पाटलांनी नव्या पेटीचं काम गोविंद सुताराला दिलं. गोविंद हा फार सुरेख हाताचा माणूस. तो वर्षभर देव्हारे करायचा आणि औंढ्याला नागनाथाच्या देवळाबाहेरच्या दुकानांत नेऊन द्यायचा. यात्रेकरू ते घेऊन जात. रेडिओची पेटी त्यानं जन्मात केली नव्हती. त्याला सांगितलं, चांगली कर, गावाची अब्रू आहे. त्यानं जे चांगलं येत होतं ते केलं.

गुरुजी परतले त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर पंचायतीत गेले होते. रेडिओ कोनाड्यासमोर चौरंगावर ठेवला होता. चार नक्षीदार खांब, मध्ये महिरप, दोन लहान दारं, दारांना पितळी कड्या, आणि वर शिखर. शिखरावर कळससुद्धा होता. आवाज यायच्या जागी कोरीव जाळी, तिच्यामागे लाल मखमल. पाटलांच्या घरच्यांनी वरून जरीची झालर सोडली होती. नारळ फोडून झाला होता, त्याच्या शेंडीचे धागे चौरंगावर अजून पडलेले होते.

“कसा वाटला, गुरुजी?” पाटलांनी विचारलं. ते खरोखर खुश होते.

गोविंद सुतार कोपऱ्यात अंग चोरून उभा होता. गुरुजी त्याला म्हणाले, “गोविंदा, दिसण्याला पैकीच्या पैकी. असं काम मी पाह्यलं न्हाई.” गोविंदाचे डोळे भरून आले. त्यानंतर गुरुजींनी चौरंगाला वळसा घातला आणि पाठ पाहिली. पाठीला अखंड फळी खिळ्यांनी ठोकलेली होती.

बाहेर आल्यावर त्यांनी मला चालता चालता सगळं सांगितलं, माझ्याशी कमी आणि स्वतःशी जास्त. बॅटरी बदलायची तर शिखर उपटावं लागणार. बॅटरी आत पाझरली तर कळणारही नाही. बटणं दारांच्या आत, म्हणजे दारं कोण उघडणार ते आधी ठरवा. आवाज अर्धा मखमलीत, अर्धा बंद फळीमागे. आणि धरायला मूठ कुठेच नाही. “मूठ काहून असंन? देव्हारा कोणी उचलून नेतं का?” ते म्हणाले. “वागण्याला शून्य, बाई. अन् दोष गोविंदाचा न्हाई.”

मला तेव्हा वाटलं, शून्य देणं ही मास्तरकी झाली. पण आठ दिवसांत त्या पेटीनं आपले गुण दाखवले. देव्हारा म्हटल्यावर लोक पायऱ्यांखाली चपला काढू लागले. पंचायतीचा शिपाई गणपत आंघोळ करून दारं उघडायचा आणि आधी नमस्कार करायचा. कुणी बटणाला हात लावला की तो ओरडायचा. बायका गुरुवारी फुलं वाहू लागल्या. महिन्यातल्या चार दिवसांत मी पंचायतीच्या पायऱ्या चढू नये असं मला कोणी सांगितलं नाही, पण दारातल्या बायकांच्या नजरा माझ्या पायांकडे जात आणि माझे पाय आपोआप खालीच थांबत. वस्तीतली माणसं आधी पंचायतीत भाषणाला, मोजणीला आत यायची. आता पायरीशी येऊन थांबायची. अडवलं कोणीच नव्हतं. पेटी तशी होती.

थंडी पडली आणि सरहद्दीवर लढाई सुरू झाली.

वस्तीतल्या धुरपतामायचा संभा फौजेत होता. एकुलता एक, बाप लहानपणीच गेलेला. लढाई लागल्यापासून ती रोज दिवेलागणीला पंचायतीच्या पायरीखाली येऊन बसायची. बातम्या व्हायच्या, पण मखमलीतून आणि माणसांच्या पाठींतून तिच्यापर्यंत नुसती गुणगुण पोहोचायची. बातम्या संपून लोक खाली उतरले की ती एकेकाला विचारायची. एकजण म्हणायचा, “आपुन जितून राहिलो, मावशे.” दुसरा म्हणायचा, “लई मानसं पडले म्हने.” तिसऱ्याला काहीच कळलेलं नसायचं, म्हणून तो जास्त सांगायचा. धुरपतामाय या सगळ्या बातम्या एकत्र घेऊन वेशीबाहेर जायची आणि रात्रभर जागायची. हे मला कलावतीवैनींनी सांगितलं. तिला एवढंच हवं होतं की रेडिओ काय म्हणतो ते स्वतःच्या कानांनी ऐकावं.

एका संध्याकाळी गुरुजी तिच्याशेजारी पायरीखाली बसले. ते आत जाऊ शकत होते, हेडमास्तर होते, पाटील त्यांना बसायला सतरंजी द्यायचे. ते खालीच बसले आणि तिच्याबरोबर ती गुणगुण ऐकली. उठताना मला म्हणाले, “माह्या थोरल्या बहिणीच्या वयाची हाय ती.” त्यांचा आवाज बिघडलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मी म्हटलं, आता तरी पाटलांना सरळ सांगा.

दुसऱ्या दिवशी ते पाटलांकडे गेले, मीही गेले. मला वाटलं होतं, आता वाद होईल. गुरुजींनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, “पाटील, आपल्या महादेवाला पालखी हाय.”

“व्हय की.”

“शिवरातीला देव देवळात बसून ऱ्हात न्हाई. गल्लोगल्ली जातो.”

“जातो. वेशीपर्यंत जातो अन् मंग वळतो.”

“मंग या रेडिओच्या देवाला पालखी काहून न्हाई? देव्हारा ऱ्हाऊ द्या जाग्यावर, लई देखणा हाय. पन सांजच्याला देवानं भायेर निघावं. गोविंदाकडून एक फिरती पेटी करून घेतो.”

पाटलांनी पान चघळायचं थांबवलं. मला दिसत होतं, कल्पना त्यांना मनापासून आवडली होती. रेडिओची पालखी अजून कुठल्याच गावात नव्हती, साखऱ्यात नव्हती, पुसेगावातही नव्हती. ते म्हणाले, “काढू. पन पालखी जिथवर जाते तिथवरच. वेशीच्या वट्यावर ठुवायची, तोंड गावाकडं.”

“तोंड गावाकडंच,” गुरुजी म्हणाले.

मला त्यांचा भयंकर राग आला. बाहेर येऊन मी म्हटलं, “वेशीपर्यंतच ना? मग काय मिळवलं? धुरपतामाय पायरीऐवजी वेशीच्या पलीकडे बसेल.” वस्तीतल्या तरुण पोरांनाही राग आला होता, वेगळ्या कारणानं. त्यांनी गुरुजींना रस्त्यातच धरलं. “गुरुजी, आमाला देव सोडा म्हनता अन् तुमी रेडूची पालखी काढून राहिले?”

“मी पालखी मानत न्हाई,” गुरुजी म्हणाले. “मी दांडी मानतो. तिच्यानं वस्तू उचलता येती.”

दोन दिवस ते गोविंदाच्या पडवीत बसून होते. शाळा सुटली की मीही जायचे. गोविंदाला पहिल्यांदा वाईट वाटलं होतं, पण गुरुजींनी त्याला कळस आणि महिरप याबद्दल एक शब्द ऐकवला नाही. त्यांनी फक्त प्रश्न विचारले. पेटी उचलणारा माणूस कुठे धरेल? दोघं धरणार असतील तर? ओट्यावर ठेवताना खाली खडे असतील, मग पाय किती उंच? ओल लागली तर? बटण फिरवणारा कोणत्या हाताचा असेल? गोविंदानं आधी मान खाजवली आणि मग हळूहळू तो स्वतःच प्रश्न काढायला लागला. उंदीर शिरले तर, गुरुजी? लेकरानं बोट घातलं तर? दोघांचं असं जमलं की गोविंदाच्या बायकोनं जेवायला हाका मारून मारून शेवटी ताटं तिथंच आणून आपटली.

पेटी सागाच्या जुन्या फळ्यांची झाली. साधी, चौकोनी, कोपरे गोल. दोन बाजूंना कातडी पट्टे आणि वर लाकडी मूठ. बॅटरीला तळात वेगळा कप्पा, त्याचं दार सरकतं, म्हणजे पाझरली तरी यंत्राला धक्का नाही. बटणं समोर नव्हती. गुरुजींनी ती उजव्या कुशीला घ्यायला लावली. समोर जाळी, जाळीमागे विरळ सुती कापड. आणि पाठीला फळी नव्हतीच. तिथंही समोरच्यासारखीच जाळी होती, तेवढीच मोठी, तसंच कापड.

गोविंदानं विचारलं, “मागं जाळी काहून, गुरुजी? मागं कोन ऐकतं?”

गुरुजींनी यंत्र पेटीत ठेवून चालू केलं आणि त्याला मागे उभं केलं. “ऐक.”

गोविंदानं ऐकलं. मग तो पुढे आला, ऐकलं, पुन्हा मागे गेला. “दोन्हीकडं सारखंच बोलून राहिला की हो!”

“आवाज पुढं जातो तेवढाच मागं निघतो,” गुरुजी म्हणाले. “आपुन फळी ठोकतो म्हनून तो आत मरतो.” गोविंदानं वेशीच्या दिशेनं पाहिलं, मग माझ्याकडे, मग तो खाली मान घालून पाठीच्या जाळीच्या कडा पुन्हा घासायला लागला. दिसणार नाहीत अशा कडा त्यानं समोरच्यांपेक्षा गुळगुळीत केल्या. माझा राग तिथंच संपला.

पेटी वेशीच्या ओट्यावर बसली. तोंड गावाकडे, कबूल केल्याप्रमाणे. पाटलांनी पहिल्या दिवशी गुलाल टाकला, गणपतनं नमस्कार केला, पण चौकोनी पेटीपुढे हात जोडून किती वेळ उभं राहणार? चपला काढायचं लोक विसरले, कारण ओट्यापुढे काटे होते. पाठीमागे वस्तीची माणसं येऊन बसू लागली. मध्ये ओटा, दोन्हीकडे माणसं, आणि बातम्या एकच.

नव्या जागी एक अडचण निघाली. वेशीपाशी आवाज धड पकडला जाईना, खरखर फार. गुरुजींनी लांब तार आणली आणि वस्तीच्या बाजूला पायऱ्यांची बारव होती, तिच्याजवळच्या कडुलिंबावर ती उंच बांधली. आवाज स्वच्छ झाला. मला घरून निरोप आला होता, माझं लग्न ठरलं होतं आणि वडील न्यायला येणार होते, म्हणून त्या शेवटच्या दिवसांत मी रोज संध्याकाळी वेशीवर जायचे. मी बहुधा पाठीच्या बाजूला बसायचे, कलावतीवैनींजवळ.

शेवटची संध्याकाळ मला लख्ख आठवते. दिवसभर वारं सुटलं होतं. लढाईबद्दल काहीतरी मोठं घडणार अशी कुजबुज सकाळपासून होती आणि सारं गाव वेशीवर लोटलं होतं. गणपतनं रेडिओ लावला तर नुसती खरखर. वाऱ्यानं लिंबावरची फांदी मोडून तार खाली लोंबत होती. बातम्यांची वेळ झालेली. कोणी काही म्हणायच्या आत गुरुजी धावत बारवेकडे गेले आणि पायजमा खोचून लिंबावर चढले. पन्नाशीचा माणूस, पण चढला. बांधायला काही सापडलं नसावं, कारण त्यांनी तार हातात धरली आणि हात जमेल तेवढा वर केला. आवाज आला. त्यांनी हात खाली घेतला की आवाज जायचा, म्हणून ते तसेच राहिले.

आवाज आला, पण बारीक. पुढच्या गर्दीत गलका सुरू झाला. पाटील ओट्याच्या पलीकडून ओरडले, “अरे वाढवा, वाढवा!” गणपत गर्दीत अडकला होता. बटणं पेटीच्या कुशीला होती, आणि त्या कुशीजवळ धुरपतामाय बसली होती. तिनं हात पुढे केला आणि अर्ध्यात थांबवला.

“धुरपते, पाहून काय राहिली? फिरव बटन! वाढव आवाज!” पाटील म्हणाले.

तिनं बटण फिरवलं. आधी चुकीचं, मग बरोबर. आवाज मोठा झाला, दोन्हीकडे सारखा, आणि सगळं गाव गप्प झालं. कोणाचा हात कशाला लागला याकडे कोणाचंही लक्ष नव्हतं. माझं होतं, म्हणून सांगते. निवेदक सावकाश, स्वच्छ बोलत होता. लढाई थांबली होती.

पुढे जो काही आरडाओरडा झाला त्यात मला रडू आवरेना. कलावतीवैनींनी मला जवळ घेतलं. संभा महिनाभरानं रजेवर धडधाकट आला, हे मला सासरी गेल्यावर कळलं. त्या संध्याकाळी हे कोणालाच माहीत नव्हतं. धुरपतामायनं विचारलं, “संभाचं नाव घेतलं का?” आणि बाकीच्यांनी सांगितलं, “न्हाई माय, रेडू कोनाचंच नाव घेत न्हाई.” तिनं मान हलवली. तिनं सगळं स्वतः ऐकलं होतं. रेडिओनं जे सांगितलं नव्हतं तेही तिला माहीत होतं, आणि त्यात कोणी काही भर घालू शकत नव्हतं.

मग तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, “गुर्जी कुठं हाय?”

गुरुजी लिंबावरच होते. बारवेपर्यंत बातम्या पोहोचत नव्हत्या, नुसता गलका पोहोचत होता. अंधार पडत आला होता, वारं होतं, आणि गाव आनंदानं ओरडतंय की दुःखानं, हे तिथून त्यांना कळत नसणार. एका हातानं फांदी आणि दुसऱ्या हातात तार उंच धरून, गळा ताणून ते वेशीकडे पाहत होते. बातम्या संपून गाणं लागलं होतं, तरी हात खाली आला नव्हता.

धुरपतामाय गर्दीतून उठली, लुगड्याचा ओचा सावरत झाडाखाली गेली आणि दोन्ही हात तोंडाशी धरून वर ओरडली, “गुर्जी, उतरा खाली! थांबली लढाई. मह्या कानानं ऐकलं म्या.”